संमतीचा सौदा

पाच वेळच्या नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगणारे ॲप आज असंख्य मोबाइलमध्ये असते. फिरतीवर असणारा विक्रेता, आखातात कामाला गेलेला कारागीर, परदेशात शिकणारा विद्यार्थी यांना त्याचा मोठाच आधार. आता वेळ आणि दिशा सांगायची, तर आपण कुठे उभे आहोत हे त्या यंत्राला कळावेच लागते. ते ठिकाण विचारते, आपण 'परवानगी द्या' या शब्दांवर बोट ठेवतो आणि विसरून जातो.

नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तस्थळाने एक बातमी दिली. जगभर नऊ कोटी ऐंशी लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतलेले 'मुस्लिम प्रो' हे ॲप आपल्या वापरकर्त्यांचा ठावठिकाणा एक्स-मोड नावाच्या कंपनीला पुरवत होते आणि या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. ॲपच्या चालकांनी लष्कराला थेट काही विकल्याचा इन्कार केला आणि एक्स-मोडशी असलेले संबंध लगेच तोडले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला (तोवर तिने नाव बदलून आउटलॉजिक केले होते) प्रार्थनास्थळे, दवाखाने अशा नाजूक ठिकाणांवरील माणसांच्या वावराची माहिती विकण्यास मनाई केली. आपली माहिती सरकारी कंत्राटदारांकडे जाते हे लोकांना सांगितलेच गेले नव्हते, हा आयोगाचा एक मुख्य आक्षेप होता.

बातमी आली तेव्हा जगभरच्या मुसलमानांत संताप उसळला आणि तो स्वाभाविकच होता. पण त्या गदारोळात एक प्रश्न बाजूला पडला. त्या सगळ्या माणसांनी 'परवानगी' दिलेलीच होती. कुणी त्यांच्या खिशात हात घातला नव्हता. मग चोरी कोणती झाली? आणि चोरी झाली नसेल, तर आपल्याला नागवल्यासारखे का वाटले?

आपल्याकडे निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह वधूकडे जातात. मुलाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, मेहरची रक्कम हे सारे सांगून तिला विचारतात. कुमारिका लाजून गप्प राहिली, तर तिचे मौन हीच संमती, असे हदीसच्या आधारे मानले जाते. विधवा किंवा घटस्फोटितेने मात्र तोंडाने स्पष्ट सांगावे लागते. या मौनाच्या आधाराने आपल्या समाजात मुलींवर काय काय लादले गेले तो वेगळा आणि कडू विषय आहे. परंतु रिवाज नीट पाळला, तर त्यात एक शहाणपण आहे. मौनाला अर्थ येतो तो आधी नेमका प्रश्न विचारलेला असतो म्हणून. कोणाशी, कशाच्या मोबदल्यात, कोणाच्या साक्षीने, हे सांगून झालेले असते. उद्या तेच मौन पुढे करून कोणी म्हणाले की तिने या मुलाच्या मित्रालाही होकार दिला आहे, तर त्याला मोहल्ल्याबाहेर काढतील.

दुसरीकडे परक्याच्या घरात जाण्यासाठीचा इस्तिझानचा नियम बघा. दारात उभे राहून सलाम करावा, तीन वेळा परवानगी मागावी आणि उत्तर आले नाही तर मुकाट्याने परत फिरावे. इथे मौनाचा अर्थ नकार. घरात माणूस असेल, जागाही असेल, पण बोलला नाही म्हणजे नको आहे. त्याने नकाराचे कारण द्यावे अशीही अट नाही.

आजचा माहितीचा व्यापार या दोन्ही रिवाजांच्या उलट चालतो. ग्राहक बोलला नाही म्हणजे त्याने होकार दिला, असे तो धरून चालतो आणि तो होकार कोणाला व कशासाठी, हे ग्राहकाला कळूही देत नाही. माहिती नमाजाच्या वेळेसाठी दिलेली. विकली गेली ती नकाशावर माणसे टिपणाऱ्यांना. आपल्या भाषेत याला शब्द आहे. राखायला दिलेली वस्तू राखणाऱ्याने वापरली किंवा विकली, तर ती खयानत. वस्तू देणाऱ्याने ती आपल्या हाताने आणून दिली होती, हा बचाव तिथे चालत नाही. उलट त्याने विश्वासाने दिली म्हणूनच गुन्हा मोठा.

"ज्याला लपवायचे काही नाही, त्याने कशाला भ्यावे?" हा युक्तिवाद आपल्यातही पुष्कळ जण करतात, विशेषतः सरळमार्गी, कष्टाळू माणसे करतात. त्यांच्यासाठी हजरत उमर यांची परंपरेत सांगितली जाणारी कथा आठवण्यासारखी आहे. खलीफा रात्री मदिनेत गस्त घालत असता एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले. आत दारू होती, परस्त्री होती. त्यांनी दरडावले. तो माणूस म्हणाला, मी एक आज्ञा मोडली असेन, आपण तीन मोडल्या. हेरगिरी करू नका असा हुकूम असताना हेरगिरी केली, घरात दारातून या असे सांगितले असताना भिंतीवरून आलात, आणि परवानगी न मागता, सलाम न करता आलात. खलीफा निघून गेले. मुद्दा असा की त्या माणसाजवळ लपवण्यासारखे पुष्कळ होते, तो निर्दोष नव्हता, आणि तरीही त्याचे म्हणणे खरे होते. भिंतीचा हक्क फक्त सज्जनांना नसतो.

इमाम गझाली यांनी ही कथा सांगितली आहे आणि तिचा संबंध हिसबाशी, म्हणजे बाजारावरच्या देखरेखीशी आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. वजने-मापे तपासणे, दुधात पाणी आणि धान्यात माती मिसळणाऱ्यांना पकडणे हे त्याचे काम. आजच्या भाषेत तो ग्राहक संरक्षण अधिकारीच. पण त्याला एक मर्यादा घातलेली होती. उघड्यावर दिसेल तेवढ्यावर त्याने बोलावे, लोकांच्या घरात काय चालले आहे ते शोधत फिरू नये. म्हणजे सत्तेची नजर व्यापाऱ्याच्या तराजूवर असावी, गिऱ्हाइकाच्या उंबऱ्याआड नसावी. आजच्या बाजारात हे उलटे झाले आहे. गिऱ्हाईक काय खातो, कुठे झोपतो, कोणत्या डॉक्टरकडे जातो हे सारे दिसते. तराजू मात्र झाकलेला.

हा तराजू उघडा करण्याचे प्रयत्न अमेरिकेत गेली काही वर्षे तिथली राज्ये करीत आहेत. केंद्राचा असा सर्वसमावेशक कायदा तिथे नाही. २०२२ आणि २०२४ मध्ये तशी विधेयके आली आणि विरली. विरण्याचे एक कारण हेही होते की राज्यांनी आधीच केलेले कडक कायदे केंद्राच्या कायद्याने झाकून टाकावेत की नाही, यावर एकमत झाले नाही. तेव्हा प्रयोग राज्यांतच झाले आणि संमतीविषयीचा आपला प्रश्न तिथे फार स्पष्टपणे पुढे आला.

सर्वांत गाजलेला प्रयोग कॅलिफोर्नियाचा. या राज्याने १९७२ सालीच खासगीपणाचा हक्क आपल्या संविधानात लिहिला होता. पण फोन आणि इंटरनेटच्या बाजाराला तो पुरत नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोचे एक बांधकाम व्यावसायिक अलेस्टर मॅकटॅगर्ट यांनी गूगलमध्ये काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला गप्पांत विचारले की आमच्याविषयी तुम्हाला इतके ठाऊक असते, त्याची काळजी करावी का. आम्हाला किती ठाऊक आहे हे कळले तर लोक हादरून जातील, अशा अर्थाचे उत्तर आले. मॅकटॅगर्ट यांनी आपल्या खिशातले तीस लाखांहून अधिक डॉलर घालून जनमताचा प्रस्ताव उभा केला आणि सहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या. गूगल, फेसबुक आणि मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी विरोधासाठी प्रत्येकी दोन-दोन लाख डॉलर काढून ठेवले. पण २०१८ च्या मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण फुटले आणि फेसबुकने त्या विरोधातून अंग काढून घेतले. प्रस्ताव मतदानाला गेला असता तर तो मंजूर होण्याची दाट शक्यता होती आणि जनतेने केलेला कायदा पुढे बदलणे अवघड. तेव्हा विधिमंडळाने घाईघाईने स्वतःच विधेयक आणले, एकाही विरोधी मताशिवाय मंजूर केले, आणि २८ जून २०१८ रोजी, प्रस्ताव मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, राज्यपाल जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली. १ जानेवारी २०२० पासून तो अंमलात आला.

एका श्रीमंताच्या पैशाने झालेला कायदा म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. सार्वजनिक विहिरी आणि मुसाफिरखाने आपल्याकडेही धनिकांनीच वक्फ केले. प्रश्न त्या विहिरीच्या पाण्याचा आहे. या कायद्याने ग्राहकाला आपली माहिती पाहण्याचा, पुसून घेण्याचा आणि 'माझी माहिती विकू नका' असे सांगण्याचा हक्क दिला. सांगण्याचा! म्हणजे सांगितले नाही तर विक्री चालूच. घरात मंडळी शिरलेलीच आहेत, तुम्ही एकेकाला शोधून बाहेर जायला सांगा. ज्या दलालांची नावेही ऐकलेली नाहीत त्यांना कसे सांगणार, ही अडचण दिसायला तिथे पाच वर्षे लागली. २०२३ मध्ये आणखी एक कायदा झाला. माहितीच्या सर्व नोंदणीकृत दलालांना एकाच अर्जाने 'माझी नोंद पुसा' असे सांगण्याची सरकारी सोय त्याने केली आणि जानेवारी २०२६ पासून ती नागरिकांसाठी खुली झाली. ही खरी सुधारणा. तरीही ओझे शेवटी नागरिकाच्याच खांद्यावर आहे. त्यालाच ठाऊक असले पाहिजे, त्यालाच वेळ असला पाहिजे.

कॅलिफोर्नियात आणखी एक वाद झाला आणि तो खरोखर नैतिक आहे. जो ग्राहक आपली माहिती विकू देत नाही त्याच्याकडून कंपनीने जास्त पैसे घ्यावेत की नाही? कायद्याने सवलती आणि प्रोत्साहनांना काही अटींवर वाट मोकळी ठेवली. २०२० साली मॅकटॅगर्ट यांनी कायदा बळकट करण्यासाठी पुन्हा प्रस्ताव आणला. तो सुमारे ५६ टक्के मतांनी मंजूर झाला आणि त्यातून खासगीपणाच्या रक्षणासाठी एक स्वतंत्र शासकीय संस्था उभी राहिली. पण नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूच्या तिथल्या शाखांनी त्याला विरोध केला. त्यांचे एक म्हणणे असे की पैसे मोजून खासगीपणा मिळणार असेल, तर गरिबाला तो मिळणारच नाही. हे म्हणणे नाकारता येत नाही. संमतीला किंमत लावली की ती कोणाकडून स्वस्तात विकत घेता येईल हे ठरलेलेच असते. रिचार्जवर चार पैसे सुटतात म्हणून भराभर होकार देणारा माणूस मूर्ख नसतो, अडलेला असतो. अडलेल्याचा होकार हा होकार म्हणावा का, हा प्रश्न सावकारीइतकाच जुना आहे, आणि सावकारीच्या बाबतीत आपल्या धर्माने त्याचे उत्तर काय दिले ते सर्वांना ठाऊक आहे. कर्ज घेणारा राजी होता, एवढ्यावर व्याज हलाल झाले नाही.

कॅलिफोर्नियाच्या दहा वर्षे आधी इलिनॉय राज्याने एक छोटा, कोरडा दिसणारा कायदा केला होता. शिकागोच्या परिसरातील दुकानांत बोटाचा ठसा देऊन पैसे चुकते करण्याची सोय एका कंपनीने आणली होती. ती कंपनी २००७ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. दिवाळखोराची मालमत्ता विकतात, मग ग्राहकांच्या ठशांचे काय? पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. एसीएलयूच्या इलिनॉय शाखेने हा मुद्दा उचलून धरला आणि २००८ साली कायदा झाला. ठसा, चेहऱ्याची ठेवण, डोळ्यांची बाहुली यांची नोंद घ्यायची तर आधी लेखी सांगा, का घेता आणि किती दिवस ठेवणार तेही सांगा, आणि लेखी होकार घ्या. वकील-गवाहांच्या रिवाजाच्या जवळ जाणारी ही गोष्ट. शिवाय एक कलम असे की या नोंदी विकून नफा कमावता येणार नाही. होकार असो वा नसो.

पण या कायद्याचे बळ दुसऱ्याच कलमात होते. ज्याचा हक्क मोडला त्याला स्वतः कोर्टात जाता येते आणि निष्काळजीपणाबद्दल एक हजार, हेतुपुरस्सर उल्लंघनाबद्दल पाच हजार डॉलर मागता येतात. एका करमणूक उद्यानाने शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचा अंगठा पाससाठी घेतला. आईला कोणी विचारले नव्हते. कंपनीचे म्हणणे, नुकसान काय झाले ते दाखवा. जानेवारी २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क मोडला हेच नुकसान, आणखी काही दाखवायला नको. हा निकाल वाचताना त्या मदिनेच्या घराची आठवण होते. भिंत ओलांडली एवढेच पुरे होते, काही चोरीला गेले का हे कोणी विचारले नाही. याच कायद्याखाली फेसबुकला चेहरे ओळखण्याच्या प्रकरणात पासष्ट कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. ती २०२१ मध्ये मंजूर झाली आणि पैसे सुमारे सोळा लाख सामान्य अर्जदारांत वाटले गेले. त्याच वर्षी कंपनीने चेहरे ओळखण्याची ती व्यवस्था बंद करीत असल्याचे जाहीर केले.

टेक्सासमध्येही असाच कायदा २००९ पासून अंमलात होता, पण तिथे दावा करण्याचा अधिकार फक्त राज्याच्या ॲटर्नी जनरलला. पहिला दावा लागायला २०२२ साल उजाडले. २०२४ मध्ये मेटाने, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकनेच, एकशे चाळीस कोटी डॉलर देऊन तो मिटवला. रक्कम इलिनॉयपेक्षा दुप्पट. पण ती गेली सरकारजमा, आणि मधली तेरा वर्षे कायदा पुस्तकात झोपला होता. कोणाच्या हातात किल्ली आहे यावर हक्काचे आयुष्य अवलंबून असते. म्हणूनच कंपन्यांचा सारा रोख किल्लीवर असतो. २०२१ मध्ये व्हर्जिनियाने ग्राहकांच्या माहितीचा कायदा केला. विधेयक मांडणाऱ्या सिनेटरला मसुदा ॲमेझॉनच्या प्रतिनिधीकडून मिळाला होता, असे वृत्त त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात नागरिकाला कोर्टात जाण्याची वाट नाही. पुढे अनेक राज्यांनी व्हर्जिनियाचाच साचा उचलला. २०२४ मध्ये व्हरमाँटच्या विधिमंडळाने नागरिकाला मर्यादित का होईना दाव्याचा हक्क देणारे विधेयक मंजूर केले, तर राज्यपाल फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला. इलिनॉयनेही २०२४ मध्ये आपल्या कायद्यातील भरपाईला आवर घातला. प्रत्येक वेळच्या अंगठ्यामागे वेगळी भरपाई धरली तर धंदे बुडतील, ही तक्रार अगदीच खोटी नव्हती, हेही म्हटले पाहिजे.

अमेरिकेत आता सुमारे वीस राज्यांत असे कायदे आहेत. ग्राहकांची बाजू मांडणारे गटही आहेत. १९३६ पासूनची कन्झ्युमर रिपोर्ट्स, १९९० ची ईएफएफ, १९९४ ची एपिक. राज्याराज्यांतल्या सुनावण्यांना हजर राहणे, मसुद्यातील एका शब्दासाठी भांडणे, झालेल्या कायद्यांना गुण देऊन जाहीर करणे, असले रटाळ काम हे लोक करतात. ग्राहक पंचायतीचे काम जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला ते ओळखीचे वाटेल.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करायला लावणारा कायदा मेरीलँडचा वाटतो. २०२४ मध्ये तो झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्याने माहितीचा एक वर्ग वेगळा काढला. धार्मिक श्रद्धा, वंश, आरोग्य, नागरिकत्वाची स्थिती, शरीराच्या खुणा, अचूक ठावठिकाणा यांचा त्यात समावेश आहे. ही माहिती मागितलेली सेवा देण्यासाठी अगदी आवश्यक असेल तेवढीच घ्यायची, आणि विकायची नाही. ग्राहकाचा होकार घेऊनसुद्धा विकायची नाही. नमाजाच्या ॲपला ठिकाण विचारता येईल, कारण त्याशिवाय किब्ला सांगता येणार नाही. ते विकता येणार नाही. दाव्याची किल्ली इथेही नागरिकाच्या हाती नाही, हे त्याचे उणेपण.

यावर उदारमतवाद्यांचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो हलका नाही. सज्ञान माणसाला आपली गोष्ट विकण्याचे स्वातंत्र्य कायद्याने का नाकारावे? माझी माहिती माझी नाही का? धर्माच्या नावाने 'तुझे हित आम्हाला कळते' म्हणणाऱ्यांचा त्रास आपल्या समाजाने थोडा सोसलेला नाही, विशेषतः स्त्रियांनी. तेव्हा तोच सूर सरकारने लावला तर कान टवकारलेच पाहिजेत. तरीही या प्रकरणात मला मेरीलँडची बाजू पटते. शरीर ही अमानत आहे म्हणून मूत्रपिंड विकता येत नाही, असे आपले बहुतेक फकीह सांगतात आणि भारताचा कायदाही तेच सांगतो. देता येते, विकता येत नाही. पण माहितीच्या बाबतीत याहूनही साधे कारण आहे. ती एकट्याची नसतेच. जुम्याच्या दिवशी दीड वाजता एका इमारतीत दोनशे फोन एकत्र आले, तर ज्या एकशे नव्वद जणांनी आपली माहिती विकली त्यांनी उरलेल्या दहांचीही विकली. माझा होकार माझ्या शेजाऱ्याला उघडा करतो. अशा वस्तूचा मालक एकटा मी कसा? आणि हे फक्त मुसलमानांचे दुखणे नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत एका कॅथलिक प्रकाशनाने बाजारात मिळणारी ठावठिकाण्याची माहिती वापरून चर्चच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे खासगी आयुष्य उघड्यावर आणले. त्याला पद सोडावे लागले. बाजारात दलालाला धर्म नसतो.

आता सर्वांत अवघड गाठ. व्यापाऱ्यापासून वाचवायला आपण सरकारकडे जातो. पण मुस्लिम प्रोच्या गोष्टीत माल शेवटी जात होता तो सरकारच्या दारी. पहारेकरीच गिऱ्हाईक असेल तर? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी शहरातल्या मशिदी, चहाची दुकाने, विद्यार्थी संघटना यांच्या नोंदी ठेवल्याचे असोसिएटेड प्रेसने २०११ पासून उघड केले. त्यातून दहशतवादाचा एकही धागा मिळाला नाही, अशी कबुली एका पोलीस अधिकाऱ्यानेच साक्षीत दिली. २०१४ मध्ये ते पथक मोडीत निघाले. त्या काळी पोलिसांना निदान माणसे पाठवावी लागत. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात ठरवले की फोन कंपनीकडून माणसाच्या वावराचा जुना तपशील घ्यायचा तर पोलिसांना न्यायाधीशाचे वॉरंट लागेल. मग सरकारी खात्यांनी पळवाट शोधली. मागायला वॉरंट लागते, विकत घ्यायला लागत नाही! ही पळवाट बुजवणारे विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. २०२५ मध्ये मोंटाना राज्याने मात्र आपल्या यंत्रणांपुरता हा दरवाजा बंद केला. मुसलमानांची वस्ती तिथे जेमतेम. डोंगराळ मुलखातल्या, सरकारवर फारसा विश्वास नसलेल्या लोकांनी ते केले. आपल्यावरच्या पाळतीविरुद्ध आपणच ओरडले पाहिजे असे नाही. ज्यांना आपण ओळखतही नाही ते आपल्या उपयोगाचा कायदा करून ठेवतात.

आपल्याकडे हा विषय राज्याचा नाही, केंद्राचा आहे. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या ठरल्या. होकार मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय त्यात आहे, म्हणजे ती मराठीतही मागता येईल आणि उर्दूतही. माहिती कशासाठी हवी हे तीत सांगावे लागेल. एवढ्यापुरता हा कायदा कॅलिफोर्नियापेक्षा बरा, कारण इथे मौन म्हणजे होकार नाही. पण किल्ली? दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो आणि तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई मागण्याची वाट हा कायदा देत नाही. उलट उथळ तक्रार केली असे ठरले, तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड. सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला कायद्यातून मोकळे करू शकते. आणि आणखी एक. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात संवेदनशील माहितीची यादी होती. तीत आरोग्य होते, जात होती, धार्मिक आणि राजकीय श्रद्धा होती. २०१९ च्या विधेयकातही ती यादी होती. २०२३ च्या कायद्यात ती नाही. नमाजाच्या ॲपने घेतलेला ठावठिकाणा आणि पिझ्झा पोहोचवायला घेतलेला पत्ता, दोन्ही तिथे एकाच मापाने मोजले जातात.